अठरा वर्षं कुलूप लागलेलं तळघर

खोका पाहिल्या पाहिल्या आई म्हणाल्या, "हे आधी घराबाहेर ठेव." 'डार्क शॅडोज' या जुन्या अमेरिकन मालिकेचा तो संपूर्ण संच. १३१ डिस्क, १२२५ भाग आणि हे सगळं शवपेटीच्या आकाराच्या खोक्यात. मी तो जुना, वापरलेला विकत घेतला होता. आई म्हणजे माझ्या सासूबाई. वाईहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला आलेल्या, बाहेर बर्फ, गुडघे दुखतायत, माझा नवरा कामावर, मुलगी शाळेत. मयताची पेटी घरात नको, एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि ते मला पटलं. खोका गॅरेजमध्ये गेला आणि रोज दुपारी मी त्यातून एक डिस्क काढून आणू लागले.

दिवसाला तीन भाग, प्रत्येक भाग साधारण बावीस मिनिटांचा. मी रिमोट हातात धरून बसायची, दोन-तीन वाक्यं झाली की थांबवायची आणि मराठीत सांगायची. महिनाभरानं आई म्हणाल्या, "सगळं सांगत बसू नकोस, तोंडावरून कळतं." आणि खरंच कळायचं. म्हणूनच हे लिहावंसं वाटलं. या मालिकेबद्दल जे काही वाचायला मिळतं त्यात रक्तपिशाच्च, चेटकीण, लांडगामाणूस यांच्याबद्दलच असतं. आम्ही दोघींनी पाहिली ती एका घराची गोष्ट, आणि भीती वाटली ती त्या घरातल्या गप्प बसणाऱ्या माणसांची.

आधी थोडी माहिती. ही मालिका एबीसी वाहिनीवर २७ जून १९६६ रोजी सुरू झाली आणि २ एप्रिल १९७१ रोजी संपली. निर्माता डॅन कर्टिस. सोमवार ते शुक्रवार, दुपारची वेळ, म्हणजे घरकाम आटोपून बायका जरा टेकतात ती. पुढे शाळेतली पोरंही दप्तर टाकून टीव्हीसमोर बसायला लागली. चित्रीकरण न्यूयॉर्कला, मॅनहॅटनमधल्या स्टुडिओत. जवळजवळ नाटकासारखं सलग करायचं, अगदीच अडलं तर थांबायचं. सुरुवातीचे भाग कृष्णधवल, ऑगस्ट १९६७ पासून रंगीत. १२२५ पैकी एकाच भागाची, क्रमांक १२१९ ची, चित्रफीत हरवली आहे. तो या संचात आवाज आणि स्थिरचित्रांवरून जुळवून दिला आहे. साठच्या दशकातल्या दुपारच्या किती मालिका पुसून त्याच टेपवर दुसरं काही घेतलं जायचं हे लक्षात घेतलं, तर ही जवळपास अख्खी हाती लागते हेच मोठं भाग्य.

गोष्ट मेन राज्यातल्या कॉलिन्सपोर्ट नावाच्या कल्पित मासेमारीच्या गावातली. टेकडीवर कॉलिनवूड हा कॉलिन्स घराण्याचा प्रचंड वाडा, खाली खडकांवर आपटणारा समुद्र. व्हिक्टोरिया विंटर्स ही न्यूयॉर्कच्या अनाथालयात वाढलेली मुलगी रात्रीच्या गाडीनं या गावी येते, या घरातल्या मुलाला शिकवण्याच्या नोकरीवर. बाळ असताना तिला कोणीतरी अनाथालयाच्या दारात सोडलेलं, सोबत एक चिठ्ठी. हिवाळ्यात सापडली म्हणून आडनाव विंटर्स. लहानपणी तिच्या नावे दर महिन्याला ५० डॉलर यायचे, पाकिटावर मेनमधल्या बँगोर गावाचा शिक्का. आता त्याच भागातून नोकरीचं पत्र आलंय. आईबाप सापडतील या आशेनं ती निघाली आहे.

घराची मालकीण एलिझाबेथ कॉलिन्स स्टॉडर्ड. ही भूमिका जोन बेनेट यांनी केली आहे, चाळिसाच्या दशकातली हॉलिवूडची मोठी तारका. एलिझाबेथ अठरा वर्षं या घराच्या आवाराबाहेर गेलेली नाही. नवरा पॉल तिला सोडून गेला असं गावाला माहीत आहे. तळघरातली एक खोली कायम कुलपात आणि किल्ली तिच्याकडे.

पहिल्याच आठवड्यात आईंनी विचारलं, "ही बाहेर का जात नाही?"

म्हटलं, "अजून सांगितलं नाही, आई."

"तळघरात काहीतरी आहे बघ. बाई उगाच घर धरून बसत नाही."

ते 'काहीतरी' कळायला वर्षभराचे भाग जावे लागतात. आणि ते ज्या पद्धतीनं उलगडतं त्यात दुपारच्या मालिकेची खरी ताकद आहे. जेसन मॅग्वायर नावाचा नवऱ्याचा जुना दोस्त एक दिवस दारात उभा राहतो आणि घरात मुक्कामच ठोकतो. आधी खोली मागतो, मग पैसे, मग कारखान्यात जागा, शेवटी लग्न. अठरा वर्षांपूर्वी पॉल घरातला पैसाअडका घेऊन निघाला होता, एलिझाबेथनं शेकोटीतली सळई त्याच्या डोक्यात घातली, तो पडला. 'मी निस्तरतो' म्हणत जेसननं त्याला पेटीत घालून तळघरात पुरला. तेव्हापासून ती त्या मातीवर पहारा देत बसली आहे. लग्नाला ती तयार होते ती केवळ मुलीला, कॅरोलिनला, हे कळू नये म्हणून.

कॅरोलिनला काहीच माहीत नसतं. आपली ताठ मानेची आई या लोचट माणसापुढे का वाकते हे तिला कळत नाही. ती संतापानं एका मोटरसायकलवाल्या टवाळ पोराला घरी आणते, याच्याशी लग्न करते म्हणते. आईनं एकदा 'नको' म्हणावं म्हणून चाललेला तो सगळा आकांत. आणि आई 'नको' म्हणू शकत नाही, कारण मुलगी उलट विचारेल, "मग तू का करतेस?" हे भाग मी दोनदा पाहिले. एकमेकींवर जीव असलेल्या दोन बायका एकमेकींना वाचवायला म्हणून रोज एकमेकींना जखमी करत असतात. यात भूत नाही, वटवाघूळ नाही. ऐन लग्नाच्या वेळी एलिझाबेथ सगळ्यांसमोर म्हणते की पॉल स्टॉडर्डला मी मारलं आणि हा माझा साथीदार होता. जोन बेनेट हे वाक्य ओरडून म्हणत नाहीत. श्वास सोडावा तसं म्हणतात.

तळघर खणतात. पेटी निघते. पेटीत माणूसच नसतो.

पॉल मेलाच नव्हता. दोघा मित्रांनी मिळून तिला फसवलं होतं. अठरा वर्षं तिनं पहारा दिला तो कशावरच नाही.

आईंनी त्या दिवशी चहा घेतला नाही. "अठरा वर्षं गं," एवढंच दोनदा म्हणाल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "तिनं एकदा कुलूप काढून बघायला हवं होतं. पण कोण काढतं?" पुढे १९६९ मध्ये पॉल स्टॉडर्ड जिवंत परत येतो तेव्हा त्याची भूमिका जेसन करणाऱ्या डेनिस पॅट्रिक यांनाच दिली आहे. फसवणारे दोघे आणि चेहरा एकच. ठरवून केलं असो वा नसो, मला ते फार लागलं.

या घरातलं दुसरं दुखणं एलिझाबेथच्या भावाचं, रॉजरचं. त्याला आपला नऊ-दहा वर्षांचा मुलगा डेव्हिड आवडत नाही, आणि तो ते लपवतही नाही. मुलालाही ते माहीत आहे. मुलगा बापाच्या गाडीच्या ब्रेकमध्ये खोडा घालतो, चुकून नव्हे, बाप मरावा म्हणूनच. दुपारी चारच्या मालिकेत १९६६ साली हे दाखवलं, आणि त्या मुलाला राक्षस न ठरवता दाखवलं. डेव्हिड हेनेसी हा बालकलाकार इतका चोख आहे की लाडिक मुलं पाहायची सवय असलेल्या डोळ्यांना आधी बिचकायला होतं. मग त्याची आई लॉरा परत येते. तिला मुलगा हवा आहे, पण ती धड माणूस नाही. अग्नीत जळून पुन्हा जन्म घेणारी आहे आणि पोटच्या पोरालाही आगीत घेऊन जायला आली आहे. शेवटी जळत्या झोपडीत आत आई हाका मारतेय आणि बाहेरून शिकवणीची बाई, व्हिक्टोरिया. मूल मधे उभं. दोघी त्याचं एकच नाव घेतायत. लॉरा करणाऱ्या डायना मिले यांचा आवाज एवढा गोड की पाहणाऱ्यालाही आत जावंसं वाटेल. डेव्हिड बाहेर पळत येतो आणि व्हिक्टोरियाला मिठी मारतो. तोवर ज्या मुलानं तिला खोलीत कोंडून ठेवण्यापर्यंत छळलेलं असतं, त्याची ती पहिली मिठी. मार्च १९६७ चा हा भाग, क्रमांक १९१.

इथवर कोणी बघतच नाही, याचं मला वाईट वाटतं. पुष्कळ वर्षं डिस्कसुद्धा २१० व्या भागापासूनच मिळायच्या, कारण तिथे बार्नाबस हा रक्तपिशाच्च येतो. आधीचे भाग नंतर वेगळे काढले. घेणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं, पहिल्यापासून बघा. घर ओळखीचं झाल्यावाचून त्या घरात शिरणाऱ्याची भीती वाटत नाही.

तर बार्नाबस. एप्रिल १९६७. विली लूमिस हा भुरटा दागिन्यांच्या लोभानं कॉलिन्स घराण्याच्या दफनघरातली साखळदंडानं बांधलेली पेटी उघडतो, आणि पावणेदोनशे वर्षं आत पडलेला बार्नाबस कॉलिन्स बाहेर येतो. 'इंग्लंडहून आलेला दूरचा भाऊ' म्हणून वाड्यात दाखल होतो. दिवाणखान्याच्या बाहेर त्याच्याच तोंडवळ्याच्या पूर्वजाचं तैलचित्र लावलेलं, त्यामुळे घरचे लगेच विश्वास ठेवतात. जोनाथन फ्रिड हे कॅनडाचे, रंगभूमीवरून आलेले नट. आले होते काही आठवड्यांसाठी, आणि मालिका त्यांचीच झाली. संवाद विसरायचे, मग नजर कॅमेऱ्याबाजूच्या फलकाकडे जायची. हे लोक हसण्यावारी नेतात, मला मात्र त्यातून वेगळंच मिळालं. वादळी संध्याकाळी तो व्हिक्टोरिया आणि कॅरोलिनला कड्यावरून उडी घेतलेल्या एका मुलीची गोष्ट सांगतो तो प्रसंग बघा. नजर हलते, शब्द अडतो, पुन्हा सापडतो. माणूस आठवतोय असं वाटतं. इतकं जुनं दुःख सांगताना असंच अडखळणार.

पण त्याच्या प्रेमाबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे, कारण त्याला थोर प्रेमी म्हणणारे असंख्य आहेत. जोझेट ही त्याची मेलेली वाग्दत्त वधू. गावातल्या हॉटेलात कॉफी देणाऱ्या मॅगी एव्हान्समध्ये त्याला जोझेट दिसते. मॅगीला तो पळवतो, जुन्या घरात डांबतो. तिथे वीज नाही, सगळीकडे मेणबत्त्या. जोझेटची संगीतपेटी तिच्यापुढे उघडतो, जोझेटचा लग्नाचा पोशाख तिच्या अंगावर चढवतो, तू मॅगी नाहीसच म्हणून रोज पढवतो. हे प्रेम नाही. आपलं दुःख दुसऱ्या बाईच्या अंगावर घालून ते मापात बसतंय का बघणं आहे. मालिकेलाही हे ठाऊक आहे, म्हणूनच तिनं हे भाग मॅगीच्या बाजूनं लिहिले आहेत. मॅगी करणारी कॅथरिन ली स्कॉट त्या पोशाखात बसली आहे, संगीतपेटी वाजतेय, डोळ्यांतली ओळख हळूहळू विझतेय, आणि मग कुठून तरी बळ आणून ती आपलं नाव घेते. मॅगी एव्हान्स. वडील चित्रकार आहेत, दारू पितात, त्यांना आपली काळजी वाटत असेल. नाव, बाप, घर, या तीन गोष्टी धरून ती टिकते. त्या ठिकाणी मी मराठीत सांगायला थांबवलं तर आईंनी हातानंच 'राहू दे' केलं.

मॅगीला तळघराच्या कोठडीतून वाट दाखवते ती सारा, बार्नाबसची मेलेली धाकटी बहीण. नऊ-दहा वर्षांची, बालगीत गुणगुणत येणारी, कोणालाही न घाबरवणारी. भावावर तिचा जीव आहे आणि भाऊ काय झालाय हे तिला कळतं, म्हणून ती त्याची शिकार सोडवते. भाऊ तिला भेटायला तडफडतो, ती त्याच्यापुढे येत नाही. बहिणीनं बोलणं टाकणं ही केवढी शिक्षा असते, हे ज्या घरात झालंय त्याला सांगावं लागणार नाही.

यानंतर मालिका माझ्या मते सर्वांत मोठी झेप घेते. नोव्हेंबर १९६७ मध्ये, ३६५ व्या भागात, वाड्यात मृतात्म्यांना बोलावण्याची बैठक भरते आणि व्हिक्टोरिया १७९५ सालात जाऊन पडते. तेच नट तिथे पूर्वजांच्या भूमिकांत. जोन बेनेट आता बार्नाबसची आई नेओमी, रॉजर करणारे लुई एडमंड्स वडील जोशुआ, कॅथरिन ली स्कॉट जोझेट. चारेक महिने दुसरं काही नाही, फक्त हे घर कसं नासलं त्याची गोष्ट. बार्नाबस मार्टिनिक बेटावर असताना एका मोलकरणीशी, अँजेलिकशी, त्याचं जमलेलं असतं. नंतर तिच्याच मालकिणीच्या भाचीशी, जोझेटशी, तो लग्न ठरवतो. अँजेलिकला म्हणतो, ते झालं गेलं विसर. अँजेलिक जादूटोणा जाणते. पुढे जे होतं ते तिच्या सूडानं होतं हे खरं. पण लारा पार्करनं ती इतकी जिवंत केली आहे की मला एकदाही तिला नुसती चेटकीण म्हणता आलं नाही. गादीवर चालते, चौघांत चालत नाही, असं जिला वागवलं तिचा तो राग आहे. आई तर पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "त्यानं तिच्याशी सरळ बोलायला पाहिजे होतं. मोलकरीण असली म्हणून काय झालं?"

काका-पुतण्याचं द्वंद्व, शाप, पाठोपाठ मरणं हे सगळं मी सांगत नाही, ते बघायचंच आहे. एका गोष्टीपाशी मात्र थांबते. जोशुआ कॉलिन्स हा कडक, हिशेबी, घराण्याच्या नावापुढे कोणाला न मोजणारा बाप. बायकोशी, मुलाशी, मुलीशी कधी मायेनं बोलला नसेल. मुलगा रात्री उठणारं पिशाच्च झालाय हे त्याला कळतं. लहान सारा भावाच्या हातांत जीव सोडते. नेओमीला सत्य कळतं आणि ती विष घेते. मुलगा बापाला म्हणतो, चांदीच्या गोळ्या घालून मला संपव. जोशुआला ते जमत नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याला माया आवरत नाही आणि त्या मायेपोटीच तो सगळ्यांत वाईट गोष्ट करतो. मुलाची पेटी साखळदंडानं बांधायला लावतो. आणि घराण्याच्या इतिहासात लिहिलं जातं, 'बार्नाबस इंग्लंडला गेला.'

लुई एडमंड्सचा तो चेहरा. भुवया जागच्या जागी, ओठ घट्ट, आणि हनुवटीच्या खाली गळ्यापाशी काहीतरी थरथरतंय. स्वस्तातला सेट आहे, दफनघराच्या भिंती पुठ्ठ्याच्या आहेत हे दिसतं. काही फरक पडत नाही.

डिस्क संपली. पडदा निळा झाला. आई बसूनच होत्या. मग म्हणाल्या, "आमचे नाना कराचीला गेले म्हणायचे."

नाना म्हणजे त्यांचे चुलते. घराण्याच्या वंशावळीत त्यांचं नाव मी वाचलंय, पुढे रेघ नाही, काही नाही. विचारलं की 'ते कराचीला गेले, परत आले नाहीत' हे ठरलेलं उत्तर. आईंनी त्या दुपारी मला सांगितलं की नाना कुठेही गेले नव्हते. वाड्यामागच्या विहिरीवर रहाट होता, तो एका दिवसात काढला, विहिरीवर फळ्या ठोकल्या आणि पोरांना सांगितलं तिकडे जायचं नाही. आई तेव्हा सात वर्षांच्या. आजोबा रोज संध्याकाळी त्या फळ्यांपाशी जाऊन उभे राहायचे. "आम्हाला वाटायचं, पोरं जाऊ नयेत म्हणून राखण करतात." चौऱ्याहत्तर वर्षं त्यांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं, माझ्या नवऱ्यालाही नाही. मी काही विचारलं नाही. त्याच म्हणाल्या, "दिवा लाव, सात वाजले."

आता उणिवा, कारण पैसे टाकून घेणाऱ्याला त्या कळायला हव्यात. संथपणा आहे. एकच बातमी चार माणसांना चार भागांत सांगितली जाते. डोक्यावर मायक्रोफोन लोंबताना दिसतो, दार अडकतं, नट एकमेकांची नावं चुकतात. याची सवय होते, आठवड्यात. सवय होत नाही ती दोन गोष्टींची. एक, मॅगीची स्मृती पुसली जाते आणि तिच्यावर काय गुदरलं याचा हिशेब कधी होतच नाही. बार्नाबस तिच्या घरी पाहुणा म्हणून येत राहतो, लेखक त्याला हळूहळू नायक करत नेतात, आणि मॅगीला काही आठवू नये हीच जणू सोय होते. दोन, व्हिक्टोरियाचे आईबाप. एलिझाबेथच तिची आई असावी असं किती वेळा सुचवलंय. पण व्हिक्टोरिया करणाऱ्या अलेक्झांड्रा मोल्टके १९६८ मध्ये गरोदरपणामुळे मालिका सोडून गेल्या आणि तो धागा तसाच राहिला. ज्या प्रश्नासाठी ती मुलगी रात्रीच्या गाडीत बसली, त्याचं उत्तर १२२५ भागांत नाही. मला याचा खरोखर राग आहे.

मार्चच्या शेवटी आम्ही आईंना घेऊन ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टला गेलो. मालिकेत कॉलिनवूड म्हणून बाहेरून जो वाडा दिसतो तो तिथे आहे, सीव्ह्यू टेरेस. आत जाता येत नाही, रस्त्यावरूनच बघायचा. राखाडी दगड, उतरती छपरं, धुराडी, समुद्राचा वारा. आईंनी शाल डोक्यावरून घेतली आणि खिडक्या मोजायला सुरुवात केली, मधेच थांबल्या. "एवढ्या घरात माणसं पाच," म्हणाल्या. "आणि पाचांच्या पाच खोल्यांना आतून कडी." परत येताना गाडीत त्यांनी माझ्या नवऱ्याला नानांचं सांगितलं. तो गाडी चालवत होता, मी मागे बसले होते, त्याचा चेहरा मला दिसला नाही. पुढच्या पेट्रोल पंपावर त्यानं गाडी थांबवली आणि आईंसाठी गरम पाणी घेऊन आला.

एप्रिलमध्ये आई वाईला परत गेल्या. आम्ही ४६१ व्या भागापर्यंत पोचलो होतो, व्हिक्टोरिया १७९५ मधून परत येते तिथवर. पुढचं मी एकटीनं पाहिलं. पुढे १८९७ सालची लांबलचक गोष्ट आहे, क्वेंटिन कॉलिन्सची, डेव्हिड सेल्बीनं गाजवलेली. ती लोकांना सर्वांत आवडते आणि वेगवान आहेच. शेवटचं वर्ष थकलेलं आहे. तरी मी शेवटपर्यंत गेले ती एका बाईसाठी.

डॉक्टर ज्युलिया हॉफमन. भूमिका ग्रेसन हॉलची. १९६७ च्या उन्हाळ्यात ती मॅगीवर उपचार करायला येते, बार्नाबस काय आहे हे ओळखते आणि त्याला मारण्याऐवजी बरं करायचं ठरवते. सुरुवातीला तो तिचा गळा दाबायला निघालेला असतो. पुढे त्याचं तिच्यावाचून चालत नाही. ती त्याच्यासाठी खोटं बोलते, मॅगीची आठवण संमोहनानं तीच पुसते, आणि हे पाप तिच्या माथी आहे, मी ते माफ केलेलं नाही. ती त्याच्यासाठी काळ ओलांडून १८९७ मध्ये जाते. १८४० मध्ये तिला त्याची बहीण म्हणून वावरावं लागतं. सगळ्यांसमोर 'माझा भाऊ'. ग्रेसन हॉल तो शब्द उच्चारताना दरवेळी किंचित हनुवटी वर करते, औषधाचा कडू घोट पटकन गिळावा तशी. बार्नाबस आधी जोझेटसाठी झुरतो, मग व्हिक्टोरियासाठी, आणखी कोणाकोणासाठी. शेवटी १८४० मध्ये त्याला उमगतं की आपलं खरं प्रेम अँजेलिकवर होतं, आणि ती त्याच्या डोळ्यांपुढे मरते. हे त्याच्या तोंडून ऐकायला तिथे कोण असतं? ज्युलिया. ती त्याचं सांत्वन करते.

त्याच नावाचा २०१२ सालचा जॉनी डेपचा सिनेमा पाहून या मालिकेबद्दल मत बनवलं असेल तर ते बाजूला ठेवा. त्यात ज्युलिया आहे, पण ती ही नव्हे.

आईंचा फोन रविवारी येतो. गुडघे, पाऊस, कृष्णेचं पाणी घाटाला लागलं का, आणि मग, "त्या डॉक्टरीणबाईचं पुढे काय झालं?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी सांगू लागले, त्यांनी थांबवलं. "शेवट नको. तिनं त्याला सांगितलं का, तेवढं सांग."

म्हटलं, "नाही अजून, आई."

"कळलं असेल त्याला. न सांगता कळतं."

मी काही बोलले नाही. वाईच्या वाड्यात यंदा विहिरीवरच्या फळ्या काढल्या. नवऱ्यानं पैसे पाठवले, दिरांनी माणसं लावली, गाळ उपसला, वर लोखंडी जाळी बसवली. आईंनी फोटो पाठवला. वंशावळीतल्या नानांच्या नावापुढे त्यांनी स्वतःच्या हातानं सालही लिहिलंय, १९४९. ऑक्टोबरमध्ये त्या पुन्हा येतायत. खोका गॅरेजमधून आणून मी टीव्हीखालच्या कप्प्यात ठेवलाय, वर जुनं नऊवारी पांघरून, पेटीचा आकार दिसू नये म्हणून. ४६२ वा भाग ज्या डिस्कवर आहे ती काढून वेगळी ठेवली आहे.